फिनिश भाषेची सुरुवात: दुकानातले साधे वाक्यही कानाला का कळत नाही?

ताम्पेरेतील नवशिकी (मूळ प्रश्न, मार्च)

नमस्कार. गेल्या सप्टेंबरपासून आम्ही फिनलंडमधील ताम्पेरे येथे राहत आहोत. यजमानांचे कार्यालयीन काम संपूर्णपणे इंग्रजीतून चालते, त्यामुळे त्यांना फिनिशची निकड भासत नाही. माझे तसे नाही. दुकान, ग्रंथालय, मुलाची शाळा, इमारतीतील कपडे धुण्याची सामाईक खोली या सगळ्या ठिकाणी माझा रोजचा संबंध येतो आणि ही भाषा मला मनापासून शिकायची आहे. पाच महिने मी मोबाइलवरील एका अ‍ॅपच्या साहाय्याने न चुकता अभ्यास केला. पाचसहाशे शब्द ओळखता येतात, लहान वाक्ये वाचता येतात. परंतु समोरच्या माणसाने तोंड उघडले की त्यातले काहीच हाती लागत नाही.

एक प्रसंग सांगते. मागच्या आठवड्यात दूध, पाव आणि सफरचंदे घेऊन मी गल्ल्यापाशी उभी होते. तेथील तरुणीने हसून काहीतरी विचारले. मला त्यातला शेवटचा शब्द ‘मुत्ता’ असा ऐकू आला. ‘मुत्ता’ म्हणजे ‘पण’, हे मला पाठ होते. मी विचारात पडले, की पण म्हणजे काय? सफरचंदांचे वजन करायचे राहिले की काय? मी सफरचंदांच्या पिशवीकडे बोट दाखवले, मागे चारपाच माणसांची रांग शांतपणे उभी होती, आणि तिने अतिशय सौजन्याने इंग्रजीत विचारले, की आणखी काही हवे आहे का. इतके साधे वाक्य आपल्याला कळू नये, याचे मला फार वाईट वाटले.

माझे प्रश्न असे आहेत. पंधरा विभक्त्या आहेत असे वाचून धास्ती बसते; त्या कोणत्या क्रमाने शिकाव्यात? मी ‘मिनॅ ओलेन’ म्हणजे ‘मी आहे’ असे शिकले, परंतु आजूबाजूला कोणीही असे बोलत नाही, तर मग आधी कोणते रूप आत्मसात करावे? आणि शेवटचा प्रश्न भाषेपेक्षा माणसांविषयीचा आहे: आमच्या जिन्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांशी सहा महिन्यांत ‘मोइ’ पलीकडे एक शब्दही झालेला नाही. यात आमचे काही चुकते आहे का?

एस्पोओहून एक अभ्यासक

ताई, आपण सांगितलेला प्रसंग नेमका आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. त्यापूर्वी लेखनाविषयी एक खुलासा: फिनिशमध्ये प्रत्येक स्वराचे ह्रस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार असतात, परंतु देवनागरीत आ, ए, ओ यांसाठी ती सोय नाही. म्हणून जिथे हे स्वर दीर्घ आहेत तिथे मी ते दोनदा लिहितो, आणि शब्दाच्या शेवटी ह्रस्व इ असेल तर मराठीच्या नियमाविरुद्ध ती ह्रस्वच ठेवतो.

आपल्याला त्या तरुणीने विचारले असणार: ‘तुलेएको मूता?’ म्हणजे ‘आणखी काही येणार का?’ यातला ‘मूता’ म्हणजे ‘दुसरे काही’. आपण ऐकला तो ‘मुत्ता’ म्हणजे ‘पण’. आणि ‘मुता’ असा तिसरा शब्दही आहे, त्याचा अर्थ चिखल. तिन्हींत फरक आहे तो केवळ उच्चाराला लागणाऱ्या वेळाचा. ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे सीमाशुल्क. ‘तापाआन सिनुत’ म्हणजे ‘मी तुला भेटेन’ आणि ‘तापान सिनुत’ म्हणजे ‘मी तुला ठार मारीन’. पाचसहाशे शब्द येत असताना आता दोन आठवडे नवीन शब्द थांबवून केवळ या ह्रस्व-दीर्घाचा आणि द्वित्वाचा सराव केलात, तर जुन्या शब्दांपैकी निम्मे तरी नव्याने ऐकू येऊ लागतील असे मला वाटते.

यात मराठी माणसाचे दोन फायदे आहेत, आणि ते इंग्रजीच्या मार्गाने शिकताना वाया जातात. पहिला असा, की ‘पत्ता’ किंवा ‘गल्ली’ म्हणताना जोडाक्षरावर क्षणभर थांबण्याची सवय आपल्या जिभेला आहे. दुसरा असा, की फिनिशमधला ‘त’ हा आपला दंत्य ‘त’ आहे, आणि ‘क’, ‘प’ हेही आपले साधे, महाप्राण नसलेले. शहराचे नाव ताम्पेरे आहे, टाम्पेरे नाही. ‘ॲ’ हा स्वरही ‘बॅट’, ‘बॅग’ अशा शब्दांमुळे आपल्या ओळखीचा आहे. नवीन आहेत ते दोनच स्वर: ओठ ‘उ’ साठी गोल ठेवून आत ‘इ’ म्हणायची, आणि ओठ ‘ओ’ साठी गोल ठेवून आत ‘ए’ म्हणायचा. आरशासमोर उभे राहून केल्यास ते लवकर जमतात. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, त्याला अपवाद नाही असे समजून चालावे.

आता विभक्त्या. पंधरा हा आकडा खरा आहे, परंतु त्यातल्या तीनचार नेहमीच्या बोलण्यात ठरावीक शब्दप्रयोगांपुरत्याच भेटतात. दैनंदिन व्यवहाराचा भार वाहतात त्या सहा स्थानवाचक विभक्त्या, आणि त्या तर मराठीच्या पाहुण्या वाटाव्यात इतक्या जवळच्या आहेत. ‘तालो’ म्हणजे घर. ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्ता’ घरातून. ‘आसेमा’ म्हणजे स्टेशन. ‘आसेमाल्ला’ स्टेशनवर, ‘आसेमाल्ता’ स्टेशनवरून. आपण जसे ‘आत’ आणि ‘वर’ असे दोन संसार मानतो, तसेच फिनिशही मानते. फरक एवढाच, की ‘तो घरात आहे’ आणि ‘तो घरात गेला’ या दोन्ही ठिकाणी मराठी ‘घरात’ हेच रूप वापरते, तर फिनिशमध्ये जाण्यासाठी वेगळे रूप लागते: ‘तालोओन’ घरात (जाणे), ‘आसेमाल्ले’ स्टेशनवर (जाणे). मराठी माणसाची चूक हमखास इथे होते. मी स्वतः वर्षभर ‘घरात आहे’ चे रूप ‘घरात जातो’ साठी वापरत होतो आणि लोक अर्थ ओळखून घेत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी नाम बदलते, हे इंग्रजीच्या वळणाने शिकणाऱ्यांना मोठे संकट वाटते, पण आपण ‘पाणी’ चे ‘पाण्यात’ आणि ‘घोडा’ चे ‘घोड्याला’ रोज करतो. फिनिशमध्ये ‘वेसि’ म्हणजे पाणी आणि ‘वेदेस्सॅ’ म्हणजे पाण्यात. ‘कातु’ म्हणजे रस्ता आणि ‘कादुल्ला’ म्हणजे रस्त्यावर. म्हणून माझी कळकळीची सूचना अशी, की वहीत कोणतेही नाम एकटे लिहू नये, त्याच्या शेजारी षष्ठीचे रूप लिहावे: वेसि–वेदेन, कातु–कादुन, काउप्पा–काउपान. ते दुसरे रूप कळले की त्याच अंगावर इतर बहुतेक प्रत्यय बसतात. ‘ताम्पेरे’ ला ‘आत’ चा प्रत्यय लागत नाही, ‘वर’ चा लागतो: हेल्सिंकीत म्हणजे ‘हेल्सिंगिस्सॅ’, तुर्कूत म्हणजे ‘तुरुस्सा’, पण ताम्पेरेत म्हणजे ‘ताम्पेरेएल्ला’. वान्ताआ आणि रोवानिएमि यांचेही तसेच. याला सोपा नियम नाही. गावागणिक लक्षात ठेवावे लागते.

नकाराविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते मला स्वतःला उमगले त्या दिवशी फार आनंद झाला होता. फिनिशमध्ये ‘नाही’ हे क्रियापद आहे आणि ते पुरुषाप्रमाणे बदलते, तर मुख्य क्रियापद जागच्या जागी राहते: ‘एन पुहु, एत पुहु, एइवॅत पुहु’. आता मराठी पाहा: ‘मी बोलत नाही, तू बोलत नाहीस, ते बोलत नाहीत’. तीच रचना! तसेच ‘मिनुल्ला ओन कीरे’ म्हणजे ‘मला घाई आहे’, आणि ‘मिनुन पितॅॲ मेन्नॅ’ म्हणजे ‘मला जायला हवे’. इथे ‘मी’ हा कर्ता प्रथमेत येतच नाही, आणि ‘तुला’, ‘त्यांना’ केले तरी ‘हवे’ बदलत नाही. अ‍ॅप आपल्याला ही वाक्ये इंग्रजीतून शिकवते म्हणून ती उलटी वाटतात. फिनिशमधून थेट मराठीत वही ठेवा, ती सरळ दिसतील. फिनिश ही उरालिक कुळातली, एस्टोनियनची सख्खी आणि हंगेरियनची दूरची नातेवाईक. मराठीशी तिचे काहीही नाते नाही. तरीही दोघींनी प्रत्ययांवर संसार उभा केला आहे, याचा लाभ आपण का घेऊ नये?

तुर्कूतील वाचक

वरील प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे, विशेषतः षष्ठीच्या रूपाची सूचना. परंतु क्रमाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ताईंची अडचण वाचण्याची नाही, ऐकण्याची आहे. आणि विभक्तीचे कोष्टक कितीही पक्के केले तरी गल्ल्यापाशी ऐकू येणारी भाषा त्या कोष्टकात सापडत नाही. फिनिशमध्ये पुस्तकी भाषा आणि बोली यांत जेवढे अंतर आहे, तेवढे मला इतर कोणत्याही शिकलेल्या भाषेत जाणवले नाही, आणि शिक्षकही नवख्यांना ते पुरेशा आधी सांगत नाहीत.

‘मिनॅ ओलेन’ हे हेल्सिंकीत ‘मॅ ओओन’ होते, आणि आपल्या ताम्पेरेत ‘मॅॲ ओओन’. पूर्वेकडे गेलात तर ‘मिए’ ऐकू येईल. ‘आम्ही जातो’ हे पुस्तकात ‘मे मेनेम्मे’ असे असते, पण बोलताना सगळे ‘मे मेन्नॅॲन’ म्हणतात. आणि नुसते ‘मेन्नॅॲन’ म्हटले की त्याचा अर्थ ‘चला, जाऊया’. माणसासाठी ‘हॅन’ हे सर्वनाम आहे, ज्यात तो आणि ती असा भेदच नाही, परंतु बोलताना त्याच्या जागी ‘से’ येते, ज्याचा पुस्तकी अर्थ ‘ते’ (वस्तू) असा आहे. पहिल्यांदा एका सहकाऱ्याने स्वतःच्या आईला ‘से’ म्हटलेले ऐकून मी चपापलो होतो. त्यात अनादर मुळीच नसतो. अंक तर निम्मे गिळले जातात: ‘युक्सि, काक्सि’ चे ‘युक्स, काक्स’, आणि पन्नासचे ‘वीसिक्युम्मेन्तॅ’ न राहता ‘वीसक्युत’. किंमत ऐकू येत नाही ती यामुळे. आपल्या गावचे अभिवादन तर ‘मोरो’ आहे. ते ऐकले असेलच.

माझी पद्धत अशी होती. दुकानात मुद्दाम लांब रांगेत उभा राहत असे आणि माझ्या पुढच्या तीन ग्राहकांशी होणारे संभाषण ऐकत असे. गल्ल्यापाशी जेमतेम चारपाच वाक्ये फिरत असतात: अभिवादन, ‘एतुकोर्त्ति’ म्हणजे दुकानाचे सभासदकार्ड आहे का, आणखी काही हवे का, ‘ओतात्को कुइतिन?’ म्हणजे पावती घेणार का, आणि शेवटी ‘कीतोस, मोइ मोइ’. तिसऱ्या ग्राहकापर्यंत वाक्याची चाल ओळखीची होते आणि आपली पाळी येते तेव्हा कान तयार असतो. पावती नको असेल तर ‘एइ कीतोस’ पुरे.

समोरचा माणूस इंग्रजीकडे वळतो तो आपल्याला मदत व्हावी म्हणून. त्याला तसे न करण्याची विनंती करावी लागते, आणि ती केलेली इथल्या लोकांना मनापासून आवडते: ‘ओपेत्तेलेन सुओमेआ. वोइदाआन्को पुहुआ सुओमेआ?’ म्हणजे ‘मी फिनिश शिकत आहे. आपण फिनिशमध्ये बोलूया का?’ पुन्हा सांगण्यासाठी ‘वोइत्को तोइस्ताआ?’. या दोन वाक्यांनी मला जितके शिकवले तितके एकाही वर्गाने शिकवले नाही.

सौजन्याविषयी एक मुद्दा मांडतो, कारण त्यातही मराठीचा आधार मिळतो. फिनिशमध्ये इंग्रजीच्या ‘प्लीज’ ला नेमका प्रतिशब्द नाही आणि त्यामुळे नवखे लोक गोंधळतात. आपण तरी ‘कृपया’ कधी बोलतो? तो शब्द पाट्यांवर असतो. बोलताना आपण ‘देता का’, ‘मिळेल का’ असे क्रियापदच मऊ करतो. फिनिशही तेच करते: ‘साइसिन्को काह्विन?’ म्हणजे ‘मला कॉफी मिळू शकेल का?’ विनंतीचे सगळे सौजन्य त्या ‘इसि’ त सामावलेले आहे.

ऐकण्यासाठी युले या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधील बातम्या रोज ऐका. त्या संथ वाचल्या जातात आणि मजकूर समोर ठेवून ऐकता येतात. ग्रंथालयांमध्ये ‘किएलिकाह्विला’ म्हणजे भाषा-कॅफे भरतात, त्यांत स्वयंसेवक निव्वळ गप्पा मारायला येतात; आपल्याकडील मेत्सो या मुख्य ग्रंथालयात एकदा चौकशी करावी. आणि आता मार्च आहे म्हणून सांगतो: 9 एप्रिलला गावभर राष्ट्रध्वज लागलेले दिसतील. तो मिकाएल आग्रिकोला यांचा आणि फिनिश भाषेचा दिवस. आमच्या तुर्कूचे हे धर्मोपदेशक पुढे तेथील बिशप झाले, आणि 1543 साली त्यांनी फिनिशमधले पहिले छापील पुस्तक, एक बाराखडीचे पुस्तक, सिद्ध केले. एका अंकलिपीपासून जिचे छापील वाङ्मय सुरू झाले, त्या भाषेच्या दिवशी आपणही अक्षरे गिरवत असतो, याचे मला दरवर्षी अप्रूप वाटते.

ताम्पेरेत बारा वर्षे

मी केवळ शेजाऱ्यांविषयी लिहिते, कारण भाषेविषयी दोघांनी उत्तम सांगितले आहे.

आपले काहीही चुकत नाही. जिन्यात ‘मोइ’ म्हणणे हे इथे पूर्ण झालेले अभिवादन आहे, त्यापुढे संभाषण अपेक्षित नसते. ‘मितॅ कूलू?’ हा कुशलप्रश्न, ज्याचा शब्दशः अर्थ ‘काय ऐकू येते?’ असा होतो, तो ओळखीच्या माणसाला विचारतात आणि विचारला तर खरे उत्तर ऐकायची तयारी ठेवतात. जाता जाता तो कोणी टाकत नाही. शांतता म्हणजे नाराजी, हा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो. इथे शांत राहणे म्हणजे समोरच्याला त्याची जागा देणे. आपण बोलत असताना समोरची व्यक्ती मध्ये एकदाही हुंकार देत नसेल, तर ती ऐकत आहे असे समजावे. क्वचित कोणी श्वास आत ओढत ‘योओ’ म्हणेल. मला पहिल्या वर्षी वाटे, की बाईंना दम लागला आहे की काय. ती निव्वळ संमती असते.

संबोधनाची अडचण मात्र आपल्याला खरोखर येते. मुलाच्या वर्गशिक्षिकेला नावाने हाक मारायची आणि ‘सिनॅ’, म्हणजे ‘तू’ म्हणायचे, हे माझ्या जिभेवर कित्येक महिने चढेना. आदरार्थी ‘ते’, म्हणजे आपले ‘तुम्ही’, फिनिश भाषेत आहे, फार वयस्क व्यक्तींशी किंवा औपचारिक सेवेत तो वापरला जातो. पण शिक्षिकेला ‘ते’ म्हटले तर तिला परकेपणा वाटण्याचा संभव अधिक. आदर इथे वेळ पाळण्यातून, घरात शिरताच पादत्राणे काढण्यातून आणि रांगेत अंतर ठेवण्यातून व्यक्त होतो. यातले पादत्राणांचे तरी आपल्याला शिकावे लागत नाही.

शेजाऱ्यांशी ओळख होण्याच्या दोन जागा आहेत. एक सौना, म्हणजे गरम वाफेची स्नानाची खोली. आपल्या इमारतीत सामाईक सौना असेल तर आठवड्याचा ठरावीक तास आपल्या घराच्या नावावर घेता येतो, त्याला ‘साउनावुओरो’ म्हणतात. आधीचे आणि नंतरचे कुटुंब कोण, हे त्यामुळे आपोआप कळते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला स्वतंत्र शब्द आहे, ‘ल्योउल्यु’. त्यात आपल्याला नवीन असलेले दोन्ही स्वर आहेत, तेव्हा उच्चाराचा सरावही होईल. या देशातील सौना-संस्कृतीचा 2020 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. ताम्पेरेच्या पिस्पाला भागात 1906 पासून चालू असलेला राजापोर्त्ति हा सार्वजनिक सौना आहे. बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी, आणि अंगणात मात्र सगळे एकत्र, टॉवेल गुंडाळून थंड होत बसलेले. जिन्यात मान खाली घालून जाणारी माणसे तिथे आपण होऊन बोलतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

दुसरी जागा ‘ताल्कोओत’. सगळ्यांनी मिळून विनामोबदला एखादे काम उरकायचे. वसंतात बर्फ वितळला की इमारतीचे अंगण साफ करण्यासाठी ते ठरते आणि जिन्यात सूचना लागते. तेवढी चुकवू नका. हातात काम असले की इथला माणूस बोलू लागतो.

ताम्पेरेतील नवशिकी

तिघांचेही मनापासून आभार. फिनिशमधून थेट मराठीत अशी वही मी कालच सुरू केली, आणि पहिल्या पानावर ‘मुता, मुत्ता, मूता’ लिहिले आहे. एक छोटी शंका: पुढेमागे नागरिकत्वाचा विचार केला तर भाषेची कोणती पातळी लागते? आत्तापासून तिकडे लक्ष ठेवून अभ्यास करावा का?

एस्पोओहून एक अभ्यासक

राष्ट्रीय भाषा परीक्षेला इथे ‘युकि’ म्हणतात. तिच्यात 1 ते 6 अशा श्रेणी असतात आणि नागरिकत्वासाठी सामान्यतः मध्यम स्तरावरील श्रेणी 3 दाखवावी लागते. फिनिशऐवजी स्वीडिशमधूनही ती देता येते, कारण दोन्ही राष्ट्रभाषा आहेत. परंतु आत्ताच परीक्षेच्या नमुन्यांकडे वळू नये असे मला वाटते. त्या परीक्षेत बोलणे आणि ऐकणे यांचे स्वतंत्र भाग आहेत, आणि तुर्कूच्या मित्रांनी सांगितलेली रांगेतली पद्धत हीच त्याची खरी तयारी आहे. क्रमाबाबतचा त्यांचा आक्षेप मी मान्य करतो. आधी कान, मग कोष्टक.

ताम्पेरेतील नवशिकी (मे महिन्याचा पहिला आठवडा)

आज जिन्यात सूचना लागली आणि मी ती शब्दकोशाशिवाय वाचली. पूर्ण मजकूर असा: ‘पिहाताल्कोओत लाउआन्ताइना, केल्लो 10. तार्योल्ला काह्विआ या माक्काराआ. तेर्वेतुलोआ!’ म्हणजे अंगणाची सामुदायिक सफाई शनिवारी 10 वाजता, कॉफी आणि सॉसेज मिळेल, स्वागत आहे. ‘आसेमाल्ला’ मधला ‘ल्ला’ ‘तार्योल्ला’ मध्ये ओळखू आला. सूचना वाचत उभी असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या, त्यांनी कागदाकडे पाहून ‘नो नीन’ म्हटले आणि माझ्याकडे वळून ‘तुलेत्को?’ असे विचारले. येणार का? मी ‘तुलेन’ म्हणाले. येते.

शंका एवढीच: शब्दकोशात ‘काह्वि’ आणि ‘माक्कारा’ आहे, मग सूचनेत शेवटी जास्तीचा ‘आ’ कशासाठी?

एस्पोओहून एक अभ्यासक

ताई, हे वाचून फार समाधान वाटले. तो ‘आ’ म्हणजे अंशवाचक विभक्ती, आणि तिच्यापाशी मराठी नामांचा आधार संपतो, कारण तशी विभक्ती आपल्याकडे नाही. वस्तू मोजून ठरलेली नसेल, ‘थोडी कॉफी, काही सॉसेज’ असा भाव असेल, तर ती येते. ‘एक’ सोडून कोणत्याही संख्येनंतरही तीच येते, तीही एकवचनात: ‘काक्सि काह्विआ’ म्हणजे दोन कॉफी. नकारातही तीच: ‘एन युओ काह्विआ’, मी कॉफी पीत नाही.

नामांचा आधार संपतो असे म्हटले, पण क्रियापदांचा संपत नाही. ‘लुइन किर्याआ’ म्हणजे ‘पुस्तक वाचत होतो’, आणि ‘लुइन किर्यान’ म्हणजे ‘पुस्तक वाचून काढले’. क्रियापद दोन्हीकडे तेच, बदलला तो पुस्तकाचा शेवट. आपण ‘वाचून काढणे’, ‘पिऊन टाकणे’, ‘खाऊन संपवणे’ अशा जोडक्रियापदांनी काम पुरे झाल्याचे दाखवतो. फिनिश तेच कर्माच्या प्रत्ययातून दाखवते. म्हणून अशा वाक्यासमोर आले, की आधी मनात विचारावे, मराठीत मी इथे ‘काढले’ किंवा ‘टाकले’ जोडले असते का? उत्तर ‘हो’ आले तर बहुतेक वेळा शेवटी ‘न’ येतो.

ताम्पेरेत बारा वर्षे

शनिवारी 10 म्हणजे 10 लाच खाली उतरा. हातमोजे घरून न्या, दाताळी इमारतीच्या कोठारात असतील. दाताळ्याला ‘हारावा’ म्हणतात. कोणती बाजू झाडायची हे आपण होऊन कोणी सांगणार नाही, तेव्हा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या शेजारी उभे राहून सुरुवात करा आणि कॉफीच्या वेळी त्यांच्याच बाकावर बसा.